सेकंदाच्या पोटात

दसरा आणि दिवाळीच्या मधल्या उन्हात वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही वावराच्या धुऱ्यावर थोडा वेळ उभं राहा. सोंगणी चार दिवस लांबलेली असेल आणि ऊन कडक पडलं असेल, तर सोयाबीन आवाज करायला लागतं. एक बारीकसा ‘टच्’, दाणा कुठे तरी उडालेला, आणि झाडावर पीळ पडलेली दोन रिकामी टरफलं. शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण जमिनीवर पडलेला दाणा त्याच्या पोत्यात येत नाही. पण आवाजाच्या आधीची मिटलेली शेंग आणि आवाजानंतरची उघडी टरफलं, यांच्या मधलं काहीच कुणाच्या डोळ्याला दिसत नाही.

त्या मधल्या भागात मोठी यंत्रणा दडलेली आहे. टरफलाच्या आतल्या बाजूला कठीण तंतूंचा एक थर असतो. वाळताना हा थर आणि त्याच्या बाहेरचे थर सारखे आकसत नाहीत, त्यामुळे दोन्ही टरफलांना वळायचं असतं. शिवण त्यांना धरून ठेवते. ऊन वाढतं, ओल जाते, ताण साठत राहतो, आणि एका क्षणी शिवण हार मानते. सोयाबीनमध्ये हा पीळ कमीजास्त करणारं एक जनुक जपानी संशोधकांनी २०१४ साली ओळखलं. आपण पेरतो त्या वाणांच्या शेंगा रानटी सोयाबीनच्या मानाने कमी तडकतात, त्यामागे माणसाने पिढ्यान् पिढ्या केलेली निवड आहे.

साध्या चित्रणात सेकंदाला २५ चित्रं असतात, म्हणजे दोन चित्रांत ४० मिलिसेकंदांचं अंतर. एका चित्रात शेंग मिटलेली, पुढच्यात उघडलेली, असंच बहुधा हाती लागतं. तळहातात मावणारा अ‍ॅक्शन कॅमेरा मात्र सेकंदाला २४० चित्रं घेऊ शकतो. दर चार मिलिसेकंदांनी एक. मग मधली चित्रं सापडू लागतात: शिवणीला पडलेली चीर, टोकाकडून मागे वळत जाणारं टरफल, हवेतला दाणा. हा कॅमेरा आज लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओत असतो, बैलांच्या शर्यती, म्हणजे शंकरपट, टिपणाऱ्या पोरांकडे असतो, कारंज्याजवळून जाणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या हेल्मेटवर असतो. सेकंदाचं पोट फाडून दाखवणारं यंत्र इतक्या सहज हाती आलं आहे, याचं मला आजही नवल वाटतं.

पण नवल पडद्यावर दिसायच्या आधी एक अडथळा येतो. कार्डातली फाईल मिक्सिंगच्या, म्हणजे चित्रण कापून जोडण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये टाकली की कधी पडदा काळा राहतो आणि नुसता आवाज ऐकू येतो, कधी सॉफ्टवेअर फाईल घ्यायलाच तयार होत नाही, कधी घेतं पण चित्र गचके देत चालतं. कॅमेरा खराब निघाला किंवा कार्ड गेलं, असं वाटतं. बहुतेक वेळा दोन्ही ठणठणीत असतात. अडचण कुठे आहे ते शोधायला गेलं, की त्या फाईलच्या आत जे दिसतं ते शेंगेच्या आतल्याइतकंच थक्क करणारं आहे.

आधी आकडा पाहू. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या एका चित्रात २०,७३,६०० बिंदू. सेकंदाला २४० चित्रं, म्हणजे ४९ कोटी ७६ लाख बिंदू. प्रत्येक बिंदूच्या तीन रंगांना एकेक बाइट दिला, तर एका सेकंदाला जवळजवळ दीड जीबी. एवढं तसंच लिहीत गेलं तर ६४ जीबीचं कार्ड पाऊण मिनिटही पुरणार नाही. कॅमेरा मात्र सेकंदाला सुमारे १२ एमबीत काम भागवतो. मूळ मालाच्या जवळपास एकशेविसावा हिस्सा, आणि तोही चित्र घेता घेता, नखाएवढ्या चिपवर.

हे जमतं, कारण बहुतेक चित्रं पूर्ण लिहिलीच जात नाहीत. एखाद्या घरात स्वयंपाकाची कृती रोज नव्याने सांगत नाहीत, ‘कालच्यासारखीच भाजी, मीठ तेवढं कमी’ एवढ्यावर भागतं, तसं. अधूनमधून एक चित्र पूर्ण साठवलं जातं. मग पुढची कित्येक चित्रं ‘मागच्यासारखंच, हा तुकडा तेवढा डावीकडे सरकला’ अशा फरकांच्या नोंदींवर चालतात. काही पद्धतींत तर मधलं चित्र मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांच्या आधाराने बांधलेलं असतं. म्हणजे संगणकाला आधी पुढचं चित्र उलगडावं लागतं, मग मधलं. नुसती फाईल पाहताना हे खपून जातं. मिक्सिंग करणारा मात्र सतत मागे-पुढे जातो, मधूनच कापतो, एकेक चित्र मागे सरकतो. मागे सरकायचं म्हणजे दर वेळी शेवटच्या पूर्ण चित्रापाशी जाऊन तिथून सगळे फरक पुन्हा मांडत यायचं. गचके इथून येतात.

फरक लिहिण्याच्या भाषा पिढीगणिक बदलल्या. एच.२६४ ही २००३ ची. ती चित्राचे १६ गुणिले १६ बिंदूंचे चौकोन पाडून हिशेब करते. २०१३ मध्ये आलेली एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, ६४ गुणिले ६४ पर्यंतचे चौकोन घेऊ शकते आणि साधारण तेवढाच दर्जा निम्म्या जागेत बसवते. त्याबदल्यात उलगडणाऱ्याला कष्ट जास्त पडतात. गोप्रो या कॅमेरा कंपनीने २०१७ च्या हिरो ६ ब्लॅक कॅमेऱ्यात भारी दर्जाच्या चित्रणासाठी ही भाषा घेतली. आपल्याकडच्या अनेक स्टुडिओंत मात्र त्याआधीचे संगणक आणि त्याआधीची सॉफ्टवेअरं आहेत, आणि २०१३ च्या आधीच्या सॉफ्टवेअरला २०१३ मध्ये जन्मलेली भाषा कळणार कशी? त्यात या भाषांवर अनेक कंपन्यांचे पेटंट हक्क आहेत, परवान्याचे पैसे पडतात. दा विंची रिझॉल्व्ह या मिक्सिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ सुद्धा उघडत नाही, याच्या मुळाशी तंत्राची असमर्थता नसून हाच परवान्याचा मामला असतो, असा माझा समज आहे. फाईल कुठल्या भाषेत आहे ते गोप्रोच्या बाबतीत नावावरूनच कळतं: ‘जीएच’ने सुरू होणारी एच.२६४ ची, ‘जीएक्स’ने सुरू होणारी एचईव्हीसीची. एवढी दोन अक्षरं पाहिली तरी अर्धा तास वाचतो.

भाषेचा प्रश्न सुटला तरी घड्याळाचा उरतो, आणि मला सगळ्यात भुरळ घालतो तो हाच.

सेकंदाला २४० चित्रांची फाईल २५ च्या टाइमलाइनवर ठेवली, तर सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे एक सेकंदाचं चित्रण एका सेकंदात दाखवतं. त्यासाठी ते दर नऊ-दहा चित्रांतलं एक ठेवतं, बाकीची वगळतं. ज्या मधल्या चित्रांसाठी एवढा खटाटोप केला, तीच बाजूला पडतात. त्यानंतर त्या तुकड्याचा वेग कमी केला, तर चांगलं सॉफ्टवेअर मूळ फाईलकडे परत जाऊन राहिलेली चित्रं उचलतं. पण काही सॉफ्टवेअरं हाती उरलेली २५ च चित्रं ताणतात, एकेक चित्र दहा-दहा वेळा दाखवतात. शेंगेऐवजी फोटोंची मालिका दिसते. कॅमेऱ्याने दिलेलं सगळं फाईलमध्ये असतं, तरी ते पडद्यावर येत नाही.

आता फाईलच्या आत डोकावू. एमपी४ फाईलमध्ये चित्रांचा साठा एकीकडे असतो आणि वेळेचा तक्ता दुसरीकडे. तक्त्यात कुठलं चित्र किती वेळ पडद्यावर राहायचं, एवढाच हिशेब. ‘२४०’ म्हणवणाऱ्या चित्रणात तो सहसा असा असतो: एका सेकंदाचे २,४०,००० भाग कल्पायचे आणि प्रत्येक चित्राला १००१ भाग द्यायचे. भागाकार केला तर सेकंदाला २४० नव्हे, २३९.७६ चित्रं येतात. आता चित्रांना अजिबात हात न लावता तक्त्यातल्या १००१ च्या जागी ९६०० लिहा. तीच फाईल सेकंदाला २५ चित्रांनी चालू लागते. एकही बिंदू बदलला नाही, दर्जा तसूभर घटला नाही, आणि एक सेकंद साडेनऊ सेकंदांहून जास्त लांब झाला. काळ चित्रांत नव्हताच. तो त्यांच्या शेजारी लिहिलेल्या एका आकड्यात होता.

मराठी माणसाला हे गुपित फार आधी कळलं होतं. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळक्यांना चित्रपटासाठी भांडवल उभं करायचं होतं. लोकांची खात्री पटावी म्हणून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक छोटं चित्रण केलं: कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ. थांबून थांबून, बऱ्याच अंतराने एकेक चित्र घेतलं आणि नेहमीच्या वेगाने दाखवलं. बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बी फुटलं, रोप वर आलं. सोयाबीनही वाटाण्याच्याच शेंगकुळातलं. फाळक्यांनी दिवसांना मिनिटभरात बसवलं. २४० चित्रांचा कॅमेरा डोळ्याची पापणी लवायच्या आत संपणारी घटना सेकंदांवर पसरतो. दिशा उलट्या, युक्ती एकच: चित्र घेण्याचा वेग आणि दाखवण्याचा वेग वेगळा ठेवायचा.

त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. एका फेऱ्याला ८ चित्रं, सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे १६ च्या आसपास. पुढे बोलपट आले. मराठीतला पहिला बोलपट, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, १९३२ चा. आवाज आला की वेग पक्का ठरवावा लागला, कारण फिल्म थोडी जरी सावकाश चालली तरी माणसाचा आवाज जाड होतो. तो वेग सेकंदाला २४ ठरला. म्हणून जुने मूकपट नव्या यंत्रावर तसेच लावले की माणसं लगबगीने धावताना दिसतात. आज वाशिमच्या स्टुडिओत जी तक्रार ‘फ्रेम रेट जुळत नाही’ म्हणून येते, तिचं हे शंभर वर्षांपूर्वीचं रूप.

आता तो १००१. हा विचित्र आकडा अमेरिकेतून आला आहे. तिथे १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं मानक ठरलं. काळ्या-पांढऱ्या संचांवरही तेच प्रक्षेपण नीट दिसायला हवं होतं, पण रंगाचा संकेत आणि आवाजाचा संकेत यांच्या झगड्यातून पडद्यावर नक्षी उमटण्याची भीती होती. उपाय म्हणून सेकंदाला ३० चित्रांचा वेग हजारात एक भागाने कमी केला गेला: २९.९७. पुढे ६० चं ५९.९४ झालं, २४० चं २३९.७६. भारताने ती पद्धत कधी घेतलीच नाही. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आलं ते सेकंदाला २५ चित्रांच्या पाल पद्धतीने, आणि लग्नाच्या मिक्सिंगचे प्रोजेक्ट आजही सवयीने २५ वर बांधले जातात. कॅमेरा मात्र पेटीतून निघताना अनेकदा अमेरिकी मांडणीवर असतो. २३९.७६ ला २५ ने नि:शेष भाग जात नाही. म्हणून सॉफ्टवेअर कधी नववं चित्र उचलतं, कधी दहावं, आणि सरळ धावणारी बैलजोडी मध्येच किंचित अडखळल्यासारखी दिसते. सत्तर वर्षांपूर्वी दुसऱ्या खंडात घेतलेल्या निर्णयाची लहर रिसोड तालुक्यातल्या एखाद्या पटाच्या व्हिडिओत उमटते!

शंकरपटाचा विषय निघालाच आहे, तर तिथे थोडं थांबू. २०१४ च्या बंदीनंतर बैलांच्या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त पुन्हा सुरू होऊ दिल्या, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला. विदर्भात पुन्हा पट भरू लागले आणि जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या अंगावर, छकड्याच्या दांडीवर हे कॅमेरे दिसू लागले. समजा जोडी ताशी ४० किलोमीटरने धावते आहे. २५ च्या चित्रणात दोन चित्रांमध्ये ती ४४ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. २४० च्या चित्रणात साडेचार सेंटिमीटर. खूर जमिनीला कसा टेकतो, माती कुठल्या बाजूने उडते, दोन्ही बैल एका लयीत आहेत की एक ओढला जातो आहे, हे सगळं तपासता येतं. बैलाला त्रास होतो का, या वादात अशा चित्रणाचा दोन्ही बाजूंनी गंभीरपणे उपयोग व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये नेमका असाच वाद सोडवला होता. दौडत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी अधांतरी असतात का? त्याने धावपट्टीच्या कडेने १२ कॅमेरे मांडून दाखवून दिलं की असतात; फक्त चित्रकार समजत होते तसे पुढे-मागे फाकलेले नव्हे, पोटाखाली जमा झालेले असताना.

पटाच्या फाईलमध्ये चित्र आणि आवाजाखेरीज आणखी एक गोष्ट असते, आणि ती सहसा कुणी उघडून पाहत नाही. हिरो ५ पासून पुढच्या गोप्रो कॅमेऱ्यांत हालचाल आणि कल मोजणाऱ्या संवेदकांच्या नोंदी त्याच एमपी४ मध्ये एका वेगळ्या पट्टीवर लिहिल्या जातात. धक्क्यांची नोंद सेकंदाला २०० च्या आसपास. छकड्याचं चाक ढेकळावरून उडालं, धुरकरी डावीकडे झुकला, याचा आकड्यांतला इतिहास चित्राबरोबर येतो. कंपनीने ही मांडणी २०१७ च्या सुमारास सर्वांसाठी खुली केली. गायरोफ्लो नावाचं मुक्त सॉफ्टवेअर या नोंदी वाचून हादरणारं चित्र स्थिर करतं: चित्राकडे पाहून अंदाज बांधत नाही, कॅमेरा किती अंशांनी फिरला होता ते थेट वाचतं. गंमत अशी की जुन्या सॉफ्टवेअरला ही अनोळखी पट्टी दिसली की ते कधी कधी सगळीच फाईल नाकारतं. तेव्हा चित्र आणि आवाज तेवढे नव्या फाईलमध्ये उचलून ठेवले, काहीही न बदलता, की तीच फाईल निमूट उघडते.

हे उचलणं, तक्ते बदलणं, भाषांतर करणं, सगळं एकाच फुकट अवजाराने होतं: एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने ते २००० मध्ये सुरू केलं. बटणं नाहीत, आज्ञा टाइप करायच्या, त्यामुळे आधी धास्ती वाटते. पण तीन-चार आज्ञा लिहून ठेवल्या की वर्षभर पुरतात. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही फुकट सॉफ्टवेअरं पडद्याआड त्याच्याच आधाराने चालतात. शॉटकटमध्ये फाईल मिक्सिंगजोगी करून घ्यायची सोय आहे. केडेनलाइव्हमध्ये फाईलचा वेग हाताने बदलून लिहिता येतो. प्रीमियरमध्ये ‘इंटरप्रिट फुटेज’, रिझॉल्व्हमध्ये ‘क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स’ इथे तेच १००१ चं ९६०० करण्याचं काम होतं.

संगणक अगदीच दमत असेल, तर प्रत्येक चित्र पूर्ण लिहिणाऱ्या मधल्या भाषेत रूपांतर करावं: प्रोरेस, डीएनएक्सएचआर, सिनेफॉर्म, किंवा लग्नाच्या मिक्सिंगवाल्यांच्या ओळखीच्या एडियसची एचक्यूएक्स. फाईल कित्येक पट फुगते, पण मागे-पुढे जाणं लोण्यासारखं होतं. दुसरा मार्ग कॅमेऱ्याने स्वतःच तयार ठेवलेला असतो. कार्डावर ‘एलआरव्ही’ शेपटाच्या ज्या छोट्या फाईली कचरा समजून पुसल्या जातात, त्या त्याच चित्रणाच्या हलक्या प्रती असतात. शेपूट एमपी४ करून त्या उघडता येतात आणि कुठला तुकडा कामाचा ते आधी त्यांवरच ठरवता येतं. पुसू नका.

प्रकाशाचं पथ्य मात्र पाळावं लागतं. २४० चित्रं घेताना एका चित्राला जास्तीत जास्त सेकंदाचा २४० वा हिस्सा प्रकाश मिळतो. ऑक्टोबरचं ऊन पुरतं, मांडवातली ट्यूबलाइट पुरत नाही. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला न कळणारी ही धडधड संथ चित्रणात लखलखत राहते. रात्रीच्या वरातीला १०० किंवा ५० चित्रांवर यावं. तिथे दिवा आणि कॅमेरा एका ठेक्यात येतात.

आणि थ्रेशरसमोर कॅमेरा लावून पाहाच, सुरक्षित अंतरावरून. पुली मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०. पंचविसाच्या चित्रणात एका फेऱ्याला अडीच चित्रं येतात, म्हणून पुली कधी उलटी फिरते, कधी थबकते. २४० मध्ये एका फेऱ्याला चोवीस चित्रं मिळतात आणि ती फिरते तशीच दिसते. कारंजा-सोहोळ अभयारण्यातल्या काळविटाच्या उडीलाही हेच गणित लागू आहे. ताशी ८० किलोमीटरला ते २५ च्या दोन चित्रांमध्ये जवळजवळ ९० सेंटिमीटर पुढे जातं, २४० मध्ये ९. फक्त या कॅमेऱ्याचं भिंग रुंद असतं, दूरचा कळप ठिपक्याएवढा दिसतो, आणि जनावरामागे गाडी दामटणं हा गुन्हा आहे. तिथे लांब भिंगाचा कॅमेरा आणि धीर हवा.

राहता राहिला आवाज. चित्राबरोबर तोही साडेनऊ पटींनी ताणला की प्रत्येक सूर तेवढाच खाली घसरतो. बैलाच्या घुंगरातला ३००० हर्ट्झचा किणकिणाट ३१२ च्या आसपास येतो, देवळातल्या मोठ्या घंटेसारखा घुमतो. खुरांचा १०० हर्ट्झचा धप्प १० वर जातो, आणि माणसाचा कान २० च्या खाली ऐकतच नाही. म्हणून चित्राचं घड्याळ बदलण्याआधी मूळ वेगातला आवाज वेगळ्या फाईलमध्ये काढून ठेवावा. मिक्सिंगच्या शेवटी धुरकऱ्याची आरोळी कुठे बसवायची, ते त्यावरूनच ठरवता येतं.